जुन्या बोटीतला इंधनाचा काटा पुन्हा पुन्हा का बिघडतो : दोष शोधण्याची आणि दुरुस्तीची रीत

शिवसागर जलाशयावर, बामणोली आणि तापोळा परिसरात चालणाऱ्या जुन्या बोटींबाबत एक तक्रार दर वर्षी पावसाळा सरला की हमखास कानावर येते, ती म्हणजे इंधनाचा काटा खोटे सांगतो. टाकी काठोकाठ भरली तरी काटा रिकाम्याच्या खुणेवर पडून राहतो, किंवा निम्मे डिझेल जळून गेले तरी भरलेल्याच्या खुणेवरून हलत नाही, किंवा किनाऱ्याला बरोबर दिसतो आणि इंजिन सुरू झाले की डोलू लागतो. दुरुस्ती होते, काही आठवडे सगळे सुरळीत चालते आणि मग पहिले पाढे पंचावन्न. अशा बोटीची चौकशी केली तर डॅशवरचे मीटर एकदा बदलून झालेले असते, टाकीतला सेंडर (इंधनाची पातळी मीटरला कळवणारा भाग) हाही नवा असतो आणि तरीही दोष कायम असतो. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक बोटींत मूळ दोष या दोन्ही भागांत नव्हता. तो त्यांना जोडणाऱ्या वायरीत, त्यातही अर्थच्या, म्हणजे वीज बॅटरीच्या उणे टोकाकडे परत नेणाऱ्या, वायरीत होता, आणि काहीही न मोजता भाग बदलत गेल्यामुळे तो तसाच राहून गेला होता.

हा दोष किरकोळ समजून चालवून घेण्यासारखा नाही. बामणोलीहून वासोट्याच्या पायथ्याकडे जाताना तासा-दीड तासाचा पाण्यावरचा प्रवास असतो, पुढचा सगळा भाग कोयना अभयारण्याचा आहे, आणि कोयना, सोळशी व कांदाटी या नद्यांच्या खोऱ्यांत पसरलेल्या या जलाशयाच्या आतल्या फाट्यांत मोबाईलला रेंज मिळेल याची खात्री धरता येत नाही. डिझेल इंजिनाची टाकी कोरडी पडली तर नुसते डिझेल ओतून इंजिन सुरू होत नाही; पाइपात हवा शिरलेली असते आणि ती फिल्टरपासून इंजेक्टरपर्यंत काढत बसावे लागते. बोटीत प्रवासी बसलेले, दुपारचा वारा सुटलेला आणि बोट वाहत कुठेतरी लागते आहे अशा वेळी हे काम करण्याची पाळी कोणावरही येऊ नये. म्हणून काट्याची दुरुस्ती पूर्ण होऊन खात्री पटेपर्यंत टाकीत काठी घालूनच इंधन मोजावे, काट्याकडे पाहू नये.

पुढचे सर्व विवेचन कायम बसवलेली टाकी, टाकीत फ्लोट आणि डॅशवर विजेवर चालणारे मीटर अशा रचनेच्या बोटीसाठी आहे. बाहेरून लावायच्या इंजिनाबरोबर येणाऱ्या सुट्या टाकीच्या झाकणात जो काटा असतो तो फ्लोटला दांडीने थेट जोडलेला असतो, त्यात वीज नसते, आणि त्याचा दोष बहुधा दांडी वाकणे किंवा फ्लोट बुडणे एवढाच असतो.

मांडणी कशी चालते

टाकीच्या वरच्या बाजूला पाच स्क्रूंनी बसवलेली एक गोल चकती असते. तिच्याखाली टाकीत एक दांडी लोंबते, दांडीच्या टोकाला फ्लोट असतो, आणि दांडी वरखाली झाली की एक बारीक पितळी पट्टी रोधक तारेच्या वेटोळ्यावरून सरकते. या सगळ्याला मिळून सेंडर म्हणतात. इंधन कमीजास्त झाले की सेंडरचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा (तो ओहममध्ये मोजतात), बदलतो, त्यामुळे मीटरमधून वाहणारा प्रवाह बदलतो आणि काटा हलतो. मीटरच्या मागे तीन मुख्य खिळे असतात: आय म्हणजे चावीतून येणारे बारा व्होल्ट, एस म्हणजे सेंडरकडे जाणारी वायर आणि जी म्हणजे अर्थ. दिव्यासाठी चौथा खिळा असतो, त्याचा काट्याशी संबंध नाही.

यात एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्यावी लागते. बोटींसाठी मिळणाऱ्या मीटर-सेंडरच्या जोड्या मुख्यत्वे दोन मापांच्या असतात. अमेरिकी मापात टाकी रिकामी असताना सेंडरचा रोध सुमारे २४० ओहम आणि भरलेली असताना सुमारे ३३ ओहम असतो. युरोपीय मापात बरोबर उलटे असते, म्हणजे रिकाम्याला सुमारे १० आणि भरलेल्याला सुमारे १८० ओहम. मीटर एका मापाचे आणि सेंडर दुसऱ्या मापाचा लावला तर काटा उलटा चालतो किंवा मधल्याच एखाद्या पट्ट्यात अडकून राहतो, आणि मग कितीही वायरी बदलल्या तरी उपयोग होत नाही. सातारा-कराडच्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानातून ट्रॅक्टरचे किंवा ट्रकचे मीटर आणून बोटीत बसवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्यात गैर काही नाही, पण वाहनांच्या मीटरचे ओहमचे आकडे बनावटीगणिक निराळे असतात. त्यामुळे मीटर घेताना त्याला कोणता सेंडर चालतो हे विचारून घ्यावे आणि ते डॅशच्या आतल्या बाजूला न पुसल्या जाणाऱ्या शाईने लिहून ठेवावे. पुढे हात घालणाऱ्या माणसाचा अर्धा दिवस त्याने वाचतो.

लक्षणावरून अंदाज

लक्षण नीट पाहिले तर कुठे शोधायचे हे बऱ्यापैकी कळते. २४०–३३ मापाच्या जोडीत काटा कायम रिकाम्यावर असेल तर बहुधा विजेची वाट कुठेतरी तुटलेली असते. ती सेंडरची वायर असेल, अर्थ असेल किंवा सेंडरमधली तार असेल. त्याच जोडीत काटा कायम भरलेल्यावर चिकटून असेल तर एसची वायर कुठेतरी घासून लोखंडाला किंवा दुसऱ्या काळ्या वायरीला टेकलेली असण्याची शक्यता जास्त. १०–१८० मापात हे दोन्ही निष्कर्ष उलटे धरावेत. काटा टाकीच्या ठरावीक पातळीलाच उडी मारत असेल आणि बाकी ठिकाणी बरोबर चालत असेल तर सेंडरच्या वेटोळ्यावर त्या जागी तार झिजलेली असते.

सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते चौथ्या लक्षणाकडे: दिवे लावले, पाणी उपसण्याचा पंप सुरू केला किंवा हॉर्न वाजवला की काटा जागा सोडतो. टाकीतले डिझेल काही पंपाच्या बटणाने कमीजास्त होत नाही. इतर उपकरणांचा प्रवाह आणि काट्याचा प्रवाह एकाच गंजलेल्या सांध्यातून परत जात असेल तरच असे घडते. हे लक्षण दिसले की मीटर आणि सेंडर यांना हात न लावता सरळ अर्थच्या तपासणीकडे जावे.

खराब अर्थमुळे होणारी चूक कोणत्या बाजूला झुकते हेही समजून घेण्यासारखे आहे. गंजलेला सांधा म्हणजे वाटेत भर पडलेला जादा रोध. समजा, तो ४० ओहम आहे. २४०–३३ मापात निम्म्या टाकीला सेंडरचा रोध साधारण शंभर ओहम असतो. त्यात ४० मिळवले की मीटरला १४० ओहम दिसतात आणि काटा निम्म्याच्या खाली उतरतो. म्हणजे चूक सुरक्षित बाजूला होते, फार तर चालक लवकर डिझेल भरतो. १०–१८० मापात निम्म्याला साधारण नव्वद ओहम असतात, त्यात ४० मिळवले की १३० होतात आणि काटा पाऊण टाकीच्या आसपास जातो. इथे टाकीत आहे त्यापेक्षा जास्त इंधन दिसते, आणि बोट भर पाण्यात बंद पडते ती बहुतेक वेळा अशीच. आपल्या बोटीत १०–१८० ची जोडी असेल तर डोलणारा काटा एक दिवसही चालवून घेऊ नये.

तपासणीचा क्रम

तपासणी नेहमी डॅशकडून टाकीकडे करावी, टाकीकडून डॅशकडे नव्हे. कारण टाकी उघडणे हे सर्वांत कटकटीचे आणि जोखमीचे काम आहे आणि पुष्कळदा त्याची गरजच पडत नाही.

चावी चालू करून मल्टिमीटरने आय आणि जी यांच्यामध्ये व्होल्टेज पाहावे. ते बॅटरीच्या व्होल्टेजइतके, म्हणजे इंजिन बंद असताना बारा-साडेबारा व्होल्टच्या आसपास हवे. ते नसेल तर फ्यूज, चावीचा स्विच आणि मीटरची अर्थ एवढेच पाहायचे राहते. मग एसवरची वायर काढून मोकळी धरावी. २४०–३३ मापाच्या मीटरचा काटा रिकाम्यावर जायला हवा, १०–१८० मापाचा भरलेल्याच्या पलीकडे. त्यानंतर एस आणि जी हे दोन खिळे छोट्या वायरीने क्षणभर जोडावेत. काटा दुसऱ्या टोकाला जायला हवा. तो दोन्हीकडे पूर्ण गेला तर मीटर बहुधा चांगले आहे आणि ते बदलण्याचा विचार मनातून काढून टाकावा.

बहुधा म्हणण्याचे कारण असे की दोन्ही टोके बरोबर असूनही मधला भाग चुकीचा दाखवणारी मीटरे असतात. त्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटणारी युक्ती अगदी स्वस्त आहे. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातून ३३, १०० आणि २४० ओहमचे, एक-दोन वॅटचे रेझिस्टर आणावेत आणि सेंडरची वायर काढलेली असताना ते एकेक करून एस आणि जी यांच्यामध्ये लावावेत. काटा अनुक्रमे भरलेले, निम्मे आणि रिकामे दाखवील. युरोपीय मापासाठी १० आणि १८० चे रेझिस्टर घ्यावेत. ही चाचणी टाकीपासून दूर, डॅशपाशी बसून होते, ठिणगीची भीती राहत नाही आणि मीटरवर संशय घेण्याचे कारण उरत नाही. बोटीच्या हत्यारांच्या पेटीत हे रेझिस्टर कागदी पाकिटात नावासह कायम असावेत असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मीटर निर्दोष ठरले की वायर. बॅटरीच्या उणे टोकाची वायर काढावी, एसची वायर दोन्ही टोकांना मोकळी करावी आणि मल्टिमीटरला लांब वायर जोडून एसच्या वायरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा रोध मोजावा. तो एक ओहमपेक्षा कमी हवा. नंतर हीच वायर आणि अर्थ यांच्यामध्ये मोजावे. तिथे काहीही जोड दिसता कामा नये. दिसला तर वायर कुठेतरी घासली आहे. जुन्या बोटींत ही जागा बहुतेक वेळा इंजिनाच्या खोलीच्या फळीतून वायर जाते तिथल्या भोकाशी सापडते, कारण भोकाच्या कडेला रबरी बूच बसवलेले नसते आणि इंजिनाच्या थरथरीने वर्षभर वायर तिथे घासत राहते.

इंधनासंबंधी एक ताकीद इथेच दिली पाहिजे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळात साचते आणि सहज हलत नाही. पेट्रोलच्या बोटीत टाकीला हात लावण्यापूर्वी सर्व झाकणे उघडी ठेवून हवा खेळू द्यावी, बॅटरी सोडवावी आणि जवळपास विडी-सिगारेट, सोल्डरिंग किंवा ग्राइंडरचे काम नसावे. डिझेलमध्ये धोका कमी, पण काळजी तीच घ्यावी. आणि टेस्ट लॅम्प, म्हणजे बल्बला दोन वायरी लावून आपले वायरमन जी चाचणी करतात ती, सेंडरवर मुळीच करू नये. बल्बमधून जाणारा प्रवाह सेंडरच्या केसासारख्या बारीक तारेला झेपत नाही, ती जळते, आणि मग नसलेला दोष निर्माण होतो.

अर्थ : जिथे दोष परत परत येतो

आता मुख्य मुद्द्याकडे. रस्त्यावरच्या वाहनात गाडीची बॉडी हीच अर्थ असते, आणि आपले बहुतेक ऑटो इलेक्ट्रिशियन त्याच सवयीने बोटीत काम करतात. फायबरच्या बोटीला बॉडी अर्थ असतच नाही. लोखंडी बोटीत ती मिळते, पण बोटीच्या अंगातून वीज परत नेणे चुकीचे आहे. त्याने काटा तर बिघडतोच, शिवाय पाण्याखालच्या धातूचा गंज वाढतो. म्हणून सेंडरची अर्थ स्वतंत्र काळ्या वायरीने थेट बॅटरीच्या उणे टोकाच्या सामाईक पट्टीपर्यंत नेली पाहिजे.

सेंडरच्या चकतीकडे जवळून पाहिले तर दोष तिथेच का घर करतो हे लक्षात येते. चकती आणि टाकी यांच्यामध्ये रबराचे किंवा कॉर्कचे गास्केट असते, म्हणजे चकती टाकीला प्रत्यक्ष टेकलेलीच नसते. अर्थची वायर टाकीच्या अंगावर जोडलेली असेल तर वीज चकतीपासून टाकीपर्यंत फक्त त्या पाच स्क्रूंच्या आट्यांमधून जाते. स्क्रू गंजले, आट्यांत मळी साचली किंवा कोणी गळती थांबवण्यासाठी त्यांना भरपूर सीलंट लावले की वाट बंद होते. मिस्त्री येतो, स्क्रू ढिले करून पुन्हा आवळतो, गंज खरवडला जातो, काटा जिवंत होतो. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा मरतो. सेंडर बदलल्यावरही हेच घडते, कारण नवे स्क्रू आणि ताजे घासलेले आटे काही महिने वीज वाहून नेतात आणि श्रेय नव्या सेंडरला मिळते. अर्थची वायर टाकीला न लावता चकतीवरच्याच अर्थच्या स्क्रूला किंवा पट्टीला लावली म्हणजे या फेऱ्यातून सुटका होते. टाकी धातूची असेल तर तिलाही वेगळी अर्थ असावी, विशेषतः पेट्रोलच्या टाकीला, पण ती सेंडरच्या अर्थऐवजी नव्हे.

दुसरी जागा म्हणजे वायरीचा सांधा. महाबळेश्वरपासून कोयनानगरपर्यंतचा हा पट्टा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांत मोडतो. पावसाळ्याचे महिने बोटी ताडपत्रीखाली उभ्या असतात आणि आतली हवा कायम ओली असते. दोन वायरी पिळून वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेला सांधा या दिवसांत टिकत नाही. टेप पाणी आत येऊ देते आणि बाहेर जाऊ देत नाही. टेप सोडवली की आत हिरवी पूड दिसते. खरी अडचण त्यापुढे आहे: ओल तांब्याच्या तारांमधून प्लॅस्टिकच्या आत चढत जाते आणि वायर टोकापासून वीतभर आतपर्यंत काळी पडते. अशा काळ्या वायरीला नवी थिंबल (वायरीच्या टोकाला लावायची धातूची टोपी) दाबून बसवली तर सांधा वरून सुंदर दिसतो आणि दोष तसाच राहतो. वायर मागे मागे कापत जावे, लालसर चकचकीत तांबे दिसेपर्यंत. ते दिसलेच नाही तर वायर पूर्ण बदलावी. शक्य असेल तिथे कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची वायर वापरावी, दीड चौरस मिलिमीटरची पुरते; थिंबल चांगल्या दाबयंत्राने दाबावी, पक्कडने चेपू नये, आणि वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी चढवावी.

अर्थ चांगली झाली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये, आणि नुसत्या ओहमच्या मापानेही ठरवू नये, कारण एका तारेच्या धाग्यावर टिकलेला सांधाही मल्टिमीटरच्या नाममात्र प्रवाहाला बरोबर दिसतो. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून त्याचे एक टोक सेंडरच्या चकतीवर आणि दुसरे थेट बॅटरीच्या उणे टोकावर धरावे, आणि पंप, दिवे, इंजिन सगळे चालू असताना वाचन घ्यावे. पेट्रोलच्या बोटीत वाफ नसल्याची खात्री करून, मल्टिमीटरच्या वायरी आधी घट्ट लावून मगच चावी फिरवावी. वाचन काही दशक मिलिव्होल्ट असेल तर ठीक. ते शंभराच्या वर गेले तर वाटेत दोष शिल्लक आहे. मग एक टोक तिथेच ठेवून दुसरे टोक सांध्या-सांध्याने पुढे सरकवत जावे, आणि ज्या सांध्याच्या अलीकडे-पलीकडे आकडा एकदम बदलतो तो सांधा उघडावा. कांदाटी खोऱ्यातल्या एका ज्येष्ठ बोटचालकांनी ही चाचणी पाहिल्यावर विचारले होते, “म्हणजे आजवर आम्ही चांगली मीटरं फेकून देत होतो का, दादा?” बऱ्याच बोटींच्या बाबतीत याचे उत्तर होकारार्थी द्यावे लागते.

सेंडर काढावाच लागला तर

मीटर, वायर आणि अर्थ तिन्ही निर्दोष ठरल्यावरच टाकी उघडावी. टाकी निम्म्याहून कमी भरलेली असावी. काढण्यापूर्वी चकती आणि टाकी यांवर मिळून एक रेघ मारून घ्यावी. पाच स्क्रूंची भोके सारख्या अंतरावर नसतात, त्यामुळे मूळची चकती एकाच दिशेने बसते; पण गावात बनवून घेतलेल्या टाकीत ही भोके सारख्या अंतरावर पाडलेली आढळतात, आणि मग सेंडर कोणत्याही दिशेने बसतो. दिशा चुकली की फ्लोट टाकीच्या आतल्या आडव्या पत्र्यावर किंवा भिंतीवर अडतो. काटा पाऊण टाकीच्या वर जातच नाही किंवा पावच्या खाली उतरतच नाही, अशा तक्रारीचे कारण अनेकदा एवढेच असते.

बाहेर काढलेल्या सेंडरची तपासणी काट्याच्या जुन्या मल्टिमीटरने करावी, आकड्यांच्या नव्हे. दांडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश फिरवली की मल्टिमीटरचा काटाही सावकाश सरकला पाहिजे. मध्येच तो दचकला तर ती झिजलेली जागा. वेटोळे उजेडात धरून पाहिले तर पितळी पट्टीने घासून चकचकीत केलेली रेघ दिसते आणि निम्म्याच्या आसपास ती सर्वांत खोल असते. याला कारण आहे: बहुतेक चालक टाकी तळाला जाऊ देत नाहीत आणि काठोकाठ भरतही नाहीत, त्यामुळे फ्लोटचे आयुष्य मधल्याच पट्ट्यात हेलकावे खाण्यात जाते. मळी असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ खोडरबर वापरावे. पॉलिश पेपर लावू नये, तारेची जाडी तो सहन करत नाही. तार झिजलीच असेल तर सेंडर बदलणे हाच उपाय, आणि तो मीटरच्या मापाचाच घ्यावा.

उभ्या नळीवर गोल फ्लोट सरकणारे सेंडरही मिळतात. त्यांचा काटा टप्प्याटप्प्याने हलतो, तो त्यांचा दोष नव्हे. पत्र्याच्या टाकीत मात्र लोखंडाचा गंज फ्लोटमधल्या चुंबकाला चिकटतो आणि फ्लोट अडकतो. नळी काढून धुतली की पुष्कळदा काम होते.

फ्लोट हलवून कानाशी धरावा. आत इंधन खळखळले तर तो फुटका आहे. पितळी फ्लोटला सोल्डर मारून बुजवण्याचा मोह होतो, तो टाळावा, कारण आत राहिलेल्या इंधनाची वाफ उष्णतेने पेट घेऊ शकते. जुन्या बोटींत कॉर्कचे लाखेचा मुलामा दिलेले फ्लोट अजून दिसतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल त्या मुलाम्याला विरघळवते, कॉर्क भिजते, जड होते आणि काटा हळूहळू खाली घसरत जातो. पेट्रोलच्या बोटीत असा फ्लोट दिसला तर तो बिघडण्याची वाट न पाहता बदलून टाकावा.

नवा सेंडर घेताना टाकीची खोली आतून मोजून न्यावी आणि दांडी तिच्यानुसार बसवावी, म्हणजे फ्लोट तळापासून बोटभर वर थांबेल आणि वरच्या पत्र्याला आपटणार नाही. गास्केट नायट्राइल रबराचे असावे. बसवल्यावर टाकी काठोकाठ भरून स्क्रूंच्या मुळाशी कोरडा कागद टेकवून पाहावा. ओलावा आला तर त्याच दिवशी दुरुस्त करावा.

काटा आणि लिटर यांचा मेळ

विजेचे सर्व दोष गेले तरी एक गोष्ट उरते, ती दोष नव्हे, पण लोक तिला दोष समजतात. बोटीची टाकी तळाच्या आकाराप्रमाणे खाली निमुळती असते. काटा फ्लोटची उंची दाखवतो, लिटर नव्हे. शंभर लिटरच्या अशा टाकीत काटा निम्म्यावर असताना पन्नासऐवजी पस्तीस-चाळीस लिटरच शिल्लक असू शकतात, आणि खालची निम्मी उंची वरच्या निम्म्या उंचीपेक्षा भराभर संपते. त्यात इंजिनाकडे जाणाऱ्या नळीचे तोंड तळापासून वर ठेवलेले असते, म्हणजे शेवटचे काही लिटर इंजिनाला मिळतच नाहीत.

आम्ही डिझेल साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून, कासमार्गे कॅनमधून आणतो, आणि मापे घेण्यासाठी हीच सोय उपयोगी पडते. टाकी जवळजवळ रिकामी असताना, बोट पाण्यावर सरळ तरंगत असताना आणि इंजिन बंद असताना वीस लिटर ओतावेत, दोन-तीन मिनिटे थांबून काटा कुठे आहे ते डॅशवरच्या कागदाच्या पट्टीवर आणि इंधन कुठवर आले ते सरळ, गुळगुळीत लाकडी काठीवर खुणेने नोंदवावे, आणि टाकी भरेपर्यंत असेच करीत जावे. मे महिन्यात जलाशयाचे पाणी खूप मागे हटते आणि बोटी गाळावर तिरक्या टेकलेल्या असतात. त्या स्थितीत घेतलेली मापे उपयोगाची नाहीत, आणि त्या स्थितीतला काटाही विश्वासाचा नाही. भरण्याचे तोंड टाकीत सरळ उतरत नसेल, मध्ये वळणाची नळी असेल, तर टाकीच्या वरच्या पत्र्यावर झाकणाचे एक वेगळे भोक ठेवून घ्यावे, पण ते टाकी उतरवून, पूर्ण रिकामी आणि स्वच्छ करून, जाणकार माणसाकडूनच.

काट्याला तपासणारा दुसरा साक्षीदार म्हणजे इंजिनाचे तास. डिझेल इंजिन पूर्ण भाराला दर अश्वशक्तीमागे ताशी साधारण पाव लिटरपर्यंत डिझेल घेते. म्हणजे वीस अश्वशक्तीचे इंजिन जोरात चालले तर ताशी चार-पाच लिटर. चाललेले तास, ओतलेले लिटर आणि काठीची खूण वहीत लिहीत गेले तर काटा केव्हा खोटे बोलू लागला हे पहिल्याच फेरीत उघड होते. इंधनाचा एक तृतीयांश जाण्यासाठी, एक तृतीयांश येण्यासाठी आणि एक तृतीयांश राखीव, ही वाटणी काटा नवा आणि बरोबर असतानाही सोडू नये.

पावसाळ्यानंतर बोट पहिल्यांदा पाण्यात घालताना ताडपत्री काढून डॅशच्या मागची बाजू दिवसभर उन्हात उघडी ठेवावी, अर्थच्या सामाईक पट्टीवरचा प्रत्येक नट सोडून, घासून, पेट्रोलियम जेली लावून पुन्हा आवळावा, आणि पंप व दिवे चालू ठेवून मिलिव्होल्टची चाचणी एकदा घ्यावी. आलेला आकडा तारखेसह त्याच वहीत लिहावा. पुढच्या हंगामात तो वाढलेला दिसला तर काटा डोलू लागण्याआधीच कोणता सांधा उघडायचा ते शोधता येते.